पुकारलेला भाव

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी साडेअकरा वाजता, महाविद्यालयाच्या संगणक विभागातल्या सर्व्हरवरून अंतिम वर्षाच्या चाळीस गटांची खाती काढून टाकण्यात आली. कामाला चार मिनिटे लागली. सतरा क्रमांकाच्या खात्यात एका भाजीविक्रेत्याच्या आवाजाचे साडेतीन तासांचे रेकॉर्डिंग होते. त्याची दुसरी पूर्ण प्रत कुठेही नव्हती. खाती काढण्याची आज्ञा मी टाइप केली होती.

पुन्हा एप्रिल आला आहे. विभागामागच्या कडुनिंबाचा मोहर खिडकीच्या जाळीत अडकतो आणि झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी तो सुपलीभर गोळा करतात. सर्व्हरच्या खोलीत वीस अंश तापमान ठेवावे लागते. दार उघडून व्हरांड्यात पाऊल टाकले की ऊन तोंडावर येते. व्हरांड्यात प्रोजेक्ट रिपोर्टांचा वास असतो: झेरॉक्सचा गरम कागद, बाइंडिंगचा डिंक, काळ्या रेक्झिनवरची सोनेरी अक्षरे. फाटकाबाहेर सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणला आहे, त्यामुळे लिंबू सरबताच्या गाडीवर ओले फडके टाकलेले असते. द्राक्षांचा हंगाम संपत आला आहे. गाड्यांवर घडातून सुटलेले मणी उरले आहेत, ते किलोने नव्हे, मापट्याने देतात.

इतर लोक हंगाम झाडांवरून, फळांवरून ओळखत असतील. या खोलीत तो यंत्रासमोरच्या रांगेवरून ओळखला जातो.

यंत्र एकच आहे. त्यात चार कार्डे आहेत. साध्या संगणकाला जे गणित करायला महिने लागतील ते एक कार्ड दोन-तीन दिवसांत करते. संगणकाला नमुने दाखवून शिकवायचे कुठलेही प्रोजेक्ट, म्हणजे पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारे, हस्ताक्षर वाचणारे, आवाज काढणारे, या चार कार्डांपैकी एकावर चालवल्याशिवाय पूर्ण होत नाही. फेब्रुवारीत यंत्राकडे कोणी फिरकत नाही. एप्रिलच्या शेवटी सगळ्यांना ते एकाच वेळी हवे असते.

या खोलीत येण्याआधी अकरा वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर गेली, नंतरची काही त्याच दैनिकाच्या संगणक विभागात. डेस्कवर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकवतात. पडताळले नाही ते छापायचे नाही. आणि आपले मत बातमीत घालायचे नाही. दोन्ही सवयी इकडे सोबत आल्या.

पूर्वी यंत्राची पाळी वहीत लिहिली जात असे. दोनशे पानी वही, टेबलाला सुतळीने बांधलेले पेन. जो आधी येईल त्याचे नाव आधी. त्यावरून रोज भांडणे होत.

"सर, याचं काही चालू नाहीये. नुसता नंबर धरून बसलाय."

"तुला काय माहीत चालू नाही ते? तू माझ्या स्क्रीनमध्ये डोकावतो का?"

"डोकवायला काय पाहिजे? दोन दिवस झाले, कँटीनमध्येच तर आहे तू."

वही असताना मधे पडता येत असे. कोणाचे काम अडले आहे, कोणाचे नुसतेच नाव लिहिले आहे, हे विचारून दोघांची अदलाबदल करता येई. त्याची नोंद कुठे होत नसे. तक्रारी मात्र होत. लाडक्यांना आधी पाळी मिळते, अशी एक तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली. ती पूर्ण खोटी होती असे म्हणता येणार नाही.

विभागप्रमुख मॅडमनी वही बंद केली. "ही वही म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला बसायचंच नाही त्याचाही रुमाल पडलेला. आता ज्याला गरज, त्याने बोली लावायची."

योजना साधी होती. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक गटाला शंभर पॉइंट. कार्डाची पाळी बारा तासांची. येत्या आठवड्याच्या पाळ्यांवर दर सोमवारी दुपारी बारापर्यंत बंद बोली लावायची. ज्यांची बोली मोठी त्यांना पाळ्या मिळणार, तेवढे पॉइंट वजा होणार. उरलेले पॉइंट पुढच्या आठवड्याला चालतील, दुसऱ्या गटाला देताही येतील. घेतलेली पाळी घेणाऱ्याच्या मालकीची, त्यात इतरांनी हात घालायचा नाही. आणि यंत्र सांभाळणाऱ्याने, म्हणजे मी, भावाबद्दल कोणत्याही गटाशी काही बोलायचे नाही. हे शेवटचे कलम त्या जुन्या तक्रारीमुळे आले होते.

योजना चालली. हे नोंदवले पाहिजे. दुसऱ्याच आठवड्यात नुसते नंबर धरून बसणारे नाहीसे झाले. व्हरांड्यातली भांडणे थांबली. मुले फळ्यावरचा आठवड्याचा भाव पाहायला येत आणि शेअर बाजारातल्या माणसांसारखी मान हलवून जात.

सतरा क्रमांकाचे खाते रोहिणीचे होते. मखमलाबादच्या पुढे मळा, घरची मेथी, कोथिंबीर, पालक, थोडे टोमॅटो. तिचे वडील, ज्यांना ती अण्णा म्हणते, दर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात बसतात. त्यांना घशाचा कॅन्सर असल्याचे डिसेंबरात कळले. स्वरयंत्र काढावे लागणार होते. शस्त्रक्रियेची तारीख होळीच्या आदल्या आठवड्यातली मिळाली.

रोहिणीने आधी ठरवलेले प्रोजेक्ट सोडले आणि एकटीचा गट करून नवा विषय मागितला. मॅडमसमोर तिने तो जसा मांडला, तसा मला आठवतो.

"मॅडम, अण्णांचा आवाज जायच्या आधी रेकॉर्ड करून घेते. नुसतं रेकॉर्डिंग वाजवून उपयोग नाही, कारण भाव रोज बदलतो. आज मेथी दहाला दोन, उन्हाळ्यात तीसला एक. रेकॉर्डिंग जुनाच भाव बोलत राहणार. मला असं पाहिजे की मोबाइलवर आजचा भाव टाइप केला की तो अण्णांच्या आवाजात पुकारला जाईल."

मॅडमनी विचारले, "आणि नाही जमलं तर?"

"तर ते बाजारात बसणार नाहीत. म्हणतात, मुका माणूस काय भाजी विकणार."

जानेवारी आणि फेब्रुवारीत तिने रेकॉर्डिंग केले. काही मळ्यात, काही बाजारात. फाइल नीट चढली की नाही हे तपासणे माझे काम होते, त्यामुळे त्या माणसाला पाहण्याआधी त्याचा आवाज ऐकला. जाड, थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी वर चढणारा. मागे देवळाची घंटा, स्कूटर, दगडावर कपडे आपटल्याचा आवाज. एक ते शंभर आकडे. त्यानंतर भाज्यांची नावे, पुन्हा पुन्हा.

"कोथिंबीर. कोथिंबीर. कोथिंबीर. आता किती येळा म्हणू? कालपासून बाराशे येळा झालं आसंल."

"अण्णा, अजून दहाच."

"हिच्या कॉलेजात कोथिंबिरीचाच धडा हाय का गं?"

बाजारातल्या एका फाइलमध्ये ते मेथी पुकारत होते. सर्दी असावी. दहाला दोन म्हणायचे होते, तोंडातून निघाले दहाला तीन. लगेच एका बाईचा आवाज आला, "तीन ना? द्या, तीनच द्या."

रोहिणी मधेच म्हणाली, "मावशी, चुकून बोलले ते."

"चुकून बिकून नाय," अण्णांचा आवाज. "पुकारला ना? पुकारलेला भाव मागं घ्यायचा नाय. घ्या ताई, तीन घ्या. पर रोज सर्दी व्हायची नाय मला."

बाई हसल्या. फाइल तिथे संपत होती.

त्या दोन महिन्यांत एक पाळी आधी आठ पॉइंटला जात होती, मग पाचला, मग तीनला. रोहिणीला सलग तीन पाळ्या हव्या होत्या, एकूण छत्तीस तास. कार्ड मधे सोडावे लागले तर बरेचसे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. फेब्रुवारीच्या भावाने तिला नऊ-दहा पॉइंट पुरले असते. तेव्हा रेकॉर्डिंग पूर्ण नव्हते. मार्चच्या मध्यापर्यंत ते पूर्ण झाले, स्वच्छ झाले, आणि भाव दोनवर आला.

त्याच आठवड्यात अण्णा विभागात आले. शस्त्रक्रिया होऊन जखम भरत होती. गळ्याला पांढरा सुती रुमाल, काखेत मुलांची असते तशी पाटी. मध्यम उंचीचा, सावकाश चालणारा माणूस. त्या आवाजावरून तो बराच उंच असेल असे वाटले होते. सोबत रोहिणी. तिने सांगितले की आवाज कुठे ठेवलाय ते त्यांना पाहायचे आहे.

यंत्र दाखवले. त्यांनी पंख्याचा घोंगावा थोडा वेळ ऐकला, मग पाठीमागच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथे तळहात धरला. पाटीवर लिहिले, "गरम हाय."

रोहिणीने एक फाइल लावली. टोमॅटोची. ते मान खाली घालून ऐकत राहिले. एका ठिकाणी त्यांनी हात वर करून थांबायला सांगितले आणि पाटीवर लिहिले, "टमाट्याचा भाव चुकला. त्या दिवशी पंधरा होता." रोहिणी म्हणाली, "असू द्या ना अण्णा, शब्द महत्त्वाचे." त्यांना ते पटलेले दिसले नाही.

मग त्यांनी लिहिले, "कवा होणार?"

"शेवटच्या आठवड्यात, अण्णा. तेव्हा पाळ्या फुकट मिळतील." ती माझ्याकडे वळली. "बरोबर ना सर? हे बघा, संध्याकाळी पाचला पन्नास जुड्या राहिल्या की अण्णा भाव पाडतात. मेथी घरी नेऊन काय करणार, सकाळपर्यंत पिवळी पडते. तुमचा तास तर मेथीपेक्षा नाजूक. तो सकाळपर्यंत पण टिकत नाही. गेला की गेला. म्हणजे बाजार उठताना तुम्ही तो वाटूनच टाकणार. आत्ता दोन आहे, अजून पडणार. तोपर्यंत मी शंभरच्या शंभर ठेवते. मग एकदा नाही, दोनदा-तीनदा चालवते. आवाज एकदम खरा येईल."

तर्कात एकच गोष्ट राहिली होती. बाजार उठताना मेथी नासते ती विकणाऱ्याची. इथे वेळ संपत होती ती घेणाऱ्यांची. सगळ्या चाळीस गटांची, एकाच दिवशी. वहीच्या जमान्यातल्या सहा एप्रिलांची पाने कपाटात होती. प्रत्येक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात समासापर्यंत नावे भरलेली होती.

अण्णांनी पाटी पुसली आणि लिहिले, "घाई नको. पडंल."

मी म्हणालो, "नियम फळ्यावर लावलेत."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाव सहा झाला. रोहिणी फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दुपारच्या गर्दीला असा चढतो सर. मग खाली येतो." तिने प्रत्येकी दोनची बोली लावली. तिसऱ्या आठवड्यात भाव पंधरा झाला. त्या सोमवारी अण्णांना ताप होता, ती रुग्णालयात होती. तिने तिथूनच मोबाइलवरून पाचची बोली टाकली. पंधरा गुणिले तीन म्हणजे पंचेचाळीस. तिच्याकडे शंभर होते.

शेवटच्या सोमवारी तिने शंभरपैकी नव्व्याण्णव लावले, तीन पाळ्यांवर प्रत्येकी तेहतीस. बारा वाजून एक मिनिटाने यादी निघाली. सगळ्यात स्वस्त गेलेली पाळी अडतीसला होती.

ती यादी तिने खालून वर वाचली, मग वरून खाली. यादीत तेजसच्या गटाला लागोपाठ पाच पाळ्या मिळाल्या होत्या, तीन नंबरच्या कार्डावर, शनिवार सकाळपासून सोमवार संध्याकाळपर्यंत. तेजस ओझरचा, वडील विमानाच्या कारखान्यात. ज्यांची कामे आधीच झाली होती अशा दोन गटांनी त्याला आपले पॉइंट देऊन टाकले होते. तो व्हरांड्यातच होता.

"तेजस, मला तीन पाळ्या दे ना. शंभरचे शंभर पॉइंट घे."

"अगं, आता पॉइंट घेऊन काय करू? आजचा लिलाव शेवटचा होता. आणि आमचंच पुरत नाहीये. साठ तास लागतात."

"अण्णांचं आहे रे."

"मला माहितीये. पण आमच्या चौघांचं सबमिशन आहे, रोहिणी. तू आधी का नाही घेतलं? मार्चमध्ये दोनला होतं. आम्हीच हसत होतो, कोणी घेत नाही म्हणून."

तेजसने सरबताच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. त्यातली एक त्याने तिच्या हातात दिली आणि तो गेला.

इंटरनेटवर असे यंत्र भाड्याने मिळते. तिने प्रयत्न केला. फुकट मिळणारे दर काही तासांनी बंद पडे, विकतच्याला घरात कोणाकडे नसलेले क्रेडिट कार्ड लागे. जे चालले ते अर्धवट. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला भाव टाइप करायला सांगितले. "मेथी तीस रुपये" असे तिने लिहिले. बादलीत तोंड घालून कोणी बोलावे तसा आवाज आला. चढ अण्णांचा होता, शब्द कळत नव्हते. परीक्षकांनी कल्पनेचे कौतुक केले. ती चांगल्या गुणांनी पास झाली.

त्या परीक्षेआधीच्या सोमवारी सकाळी, नेहमीप्रमाणे, यंत्राच्या नोंदी वाचल्या. तीन नंबरच्या कार्डावर शनिवारी सकाळी अकराला तेजसच्या गटाचे काम फाइलच्या एका चुकीच्या पत्त्यामुळे बंद पडले होते. गटातल्या चौघांनाही वाटत होते की ते चालू आहे. कार्ड सोमवारी सकाळी आठपर्यंत रिकामे होते. पंचेचाळीस तास. रविवार सुट्टीचा होता.

तेजसला नोंद दाखवली. "सर, मला फोन केला असता तर मी तिला लगेच दिलं असतं," तो म्हणाला. आणि मग, "तिला सांगू नका."

वही असती तर शनिवारी दुपारी निघताना सवयीने पडद्यावर नजर टाकली असती. कोणाचे चालू आहे, कोणाचे नाही, पाळी कोणाला द्यायची. लिलावात ते काम उरले नव्हते. घेतलेली पाळी घेणाऱ्याची. त्या शनिवारी पावणेदोनला दार लावले तेव्हा कार्डाचा हिरवा दिवा काम चालू असल्यासारखा लुकलुकत होता की थांबल्यासारखा स्थिर होता, हे आठवून पाहिले आहे. आठवत नाही.

सत्र संपल्यावर खाती काढली जातात, पुढच्या वर्षाच्या मुलांना जागा लागते. त्याची सूचना तीनदा गेली. एकदा फळ्यावर, दोनदा ईमेलने. तिसऱ्या सूचनेनंतर आठवडाभर थांबायचे, असा नियम आहे. तेवढे थांबलो. अक्षय तृतीयेनंतर अण्णांचे रेडिएशन सुरू झाले होते. रोज सकाळी सिटी बसने रुग्णालय, दुपारी परत. रोहिणी रोज सोबत होती. ईमेल तिने उघडले नव्हते, हे नंतर तिनेच सांगितले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पेनड्राइव्ह घेऊन आली. आभाळ भरून आले होते, पाऊस नव्हता. व्हरांड्यात कोणी नव्हते.

"सर, आता यंत्र मोकळं असेल ना? सुट्टीत चालवू का? मॅडमना विचारते."

"मोकळं आहे."

"माझं फोल्डर दिसत नाहीये पण."

"खाती काढली. मागच्या शनिवारी."

"बॅकअप असेल."

"विद्यार्थ्यांच्या खात्यांचा बॅकअप घेतला जात नाही. सूचनेत लिहिलं होतं. तुझ्याकडे प्रत असेल ना? मोबाइलमध्ये?"

"मोबाइलची मेमरी भरली होती. इथे चढवलं की तिथून काढत होते." तिने पेनड्राइव्ह उलटसुलट केला. "यात पहिली एकच फाइल आहे. चाचणीची. चढते का बघायला आणली होती ती."

"किती मोठी?"

"दीड मिनिट."

ती खुर्चीवर बसली. मावशींनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तिने अर्धे पाणी प्यायले आणि विचारले, "अण्णांना काय सांगू?"

या प्रश्नाला मी दिलेले उत्तर मला आठवत नाही. उत्तर दिले होते की नाही, हेही पडताळता येत नाही.

नंतर मॅडमना सगळे सांगितले. मार्चमधले बोलणे, शनिवारचे कार्ड, मेमधली आज्ञा, या क्रमाने. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पॉइंट तर सगळ्यांना सारखे दिले होते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मार्चमध्येच मला का नाही सांगितलंत?"

"कलम होतं."

"कलम मुलांशी बोलायचं नाही असं होतं. माझ्याशी नव्हे."

ते खरे होते. त्या दिवशी त्यांनी कलम खोडले. ज्या पेनाने खोडले ते वहीच्या काळातले, टेबलाला बांधलेले जुने पेन होते, सुतळीचा तुकडा अजून त्याला होता.

या वर्षीही लिलाव आहे. फळ्यावर नियमांच्या शेजारी मागच्या वर्षीचे सोळा आठवड्यांचे भाव लावले आहेत, मोठ्या अक्षरांत, शेवटच्या आठवड्याचा आकडा लाल. रिकामे पडलेले कार्ड दोन तासांनी आपोआप पुढच्याला जाते. पिंपळगावचा एक मुलगा परवा तो तक्ता पाहून म्हणाला, "हे आपल्या द्राक्षांसारखं नाही सर, हे उलटं चालतं. शेवटाला चढतं." त्याने मार्चमध्येच पाळ्या घेतल्या. या वर्षी कोणाचे काम अडलेले नाही. व्हरांड्यात तोच डिंकाचा वास आहे, जाळीत तोच मोहर. सोमवारी बारा वाजता यादी काढताना हात आपोआप सतरा क्रमांकावर जातो. या वर्षी त्या क्रमांकावर सिन्नरच्या दोन मुली आहेत. त्यांचा विषय कपड्यांवरच्या नक्षीचा आहे.

रोहिणी सप्टेंबरात पुण्याला नोकरीला लागली. महिन्यातून एकदा येते असे कळते. अण्णा जुलैपासून बाजारात बसू लागले. आधी म्हणाले होते बसणार नाही, पण बसले. हे तिच्या आईने सांगितले.

एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी, साडेचारच्या सुमारास, गंगेवर गेलो. ऊन उतरत होते. पुलाच्या बाजूला टरबुजांचे ढीग, पुढे मडकी, मग भाज्या. विकणाऱ्यांचे आवाज एकमेकांवर चढत होते. अण्णांच्या जागेपुढे आवाज नव्हता. गोणपाटावर मेथी, ओल्या फडक्याखाली कोथिंबीर, समोर उभी केलेली पाटी. पाटीवर खडूने लिहिले होते: मेथी ३०. ओळख पटल्यावर त्यांनी हात जोडले आणि बसायला पाण्याचा उलटा डबा पुढे केला. शेजारी रोहिणीच्या आई होत्या.

"पाटी वाचत नाही वो कोणी," त्या म्हणाल्या. "माणूस आवाजाकडं वळतं. आता मी वरडती, पर मला जमत नाय. मला लाज वाटती."

अण्णांनी हाताने त्यांच्या ओरडण्याची नक्कल केली, तोंडापुढे पदर धरून. त्या म्हणाल्या, "बघा, वाचा गेली तरी टोमणे गेले नाय."

पाच वाजून गेल्यावर बाजार सैल झाला. मेथीच्या दहा जुड्या उरल्या होत्या. अण्णांनी गोणपाटाखालून एक छोटा स्पीकर काढला, त्यात रोहिणीचा तोच पेनड्राइव्ह होता. त्यांनी तो पाटीच्या पुढे ठेवला आणि बटण दाबले.

जाड, घोगरा, शेवटी वर चढणारा आवाज आला. मेथी दहाला दोन. घ्या मेथी, दहाला दोन. मागे घंटा, स्कूटर.

"झालं सुरू," रोहिणीच्या आई म्हणाल्या. "दर बुधवारी हेच. आवो, तीसची मेथी हाय. बंद करा की ते."

दोन बायका थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "दहाला दोन? खरंच?"

"नाय वो मामी, ते रेकॉर्डिंग हाय, गेल्या वर्षीच्या थंडीतलं. तीसला एक हाय मेथी, पाटीवर बघा."

"मग कशाला लावता असं? फसवायला?"

अण्णांनी आईच्या मनगटावर बोट टेकवले. मग पाटी उचलली, तळव्याने पुसली आणि उलटी ठेवली. दोन जुड्या हातात घेऊन, मुळांची माती झटकून, त्या बाईपुढे धरल्या. बाईने दहाची नोट दिली. त्यांनी ती कपाळाला लावून खिशात टाकली.

पाच चाळीसला शेवटच्या दोन जुड्या गेल्या. स्पीकर सहा वाजेपर्यंत चालू होता.